आडनाव टाकू का नोको? : वऱ्हाडातल्या बाजाराचा इतिहास आणि आपली ऑनलाइन दुकाने



अकोल्यातल्या एका तरुण कार्यकर्त्याने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्याची आई आणि बहीण घरी काळा मसाला, जवसाची चटणी आणि ज्वारीचे पापड करतात. आजवर माल वस्तीत आणि ओळखीपाळखीत खपायचा. आता या पोराने व्हॉट्सअॅप बिझनेसवर मालाचे फोटो आणि भाव चढवले, इन्स्टाग्रामवर पान उघडले, गुगलच्या नकाशावर पत्ता टाकायला घेतला आणि नावाच्या रकान्यापाशी येऊन थांबला. मला म्हणाला, "दादा, आडनाव टाकू का नोको? का नुसतं 'घरगुती वऱ्हाडी मसाले' लिहून मोकळं व्हावं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याची आई काय शिजवते हे गिऱ्हाइकाला आवडेल याची त्याला खात्री आहे. कोण शिजवते हे आवडेल का, याची नाही. म्हणून 'हो' किंवा 'नाही' सांगण्याआधी तो इतिहास पाहू.

आधी वऱ्हाडाचा बाजार पाहू. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्रजांचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळले. 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. 1870 साली आज बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या खामगावच्या कापूस बाजारासाठी खास रेल्वेफाटा निघाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. रेल्वेबरोबर तार आली. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात तारेने कळू लागला. आजच्या भाषेत बोलायचे तर वऱ्हाड तेव्हाच 'ऑनलाइन' झाला होता.

पण तार कुणाच्या हातात होती? अडत्याच्या, दलालाच्या, परदेशी कंपनीच्या. गाडीभर कापूस घेऊन आलेल्या कुणब्याला भाव कळायचा तो व्यापारी सांगेल तेवढाच. आणि सौदा व्हायचा हत्ता पद्धतीने, म्हणजे रुमालाखाली बोटे दाबून. माल ज्याचा, त्यालाच भाव दिसत नसे! ही लूट आवरायला 1886 साली आज वाशिम जिल्ह्यात असलेल्या कारंज्यात देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. तरी बाजार समित्यांवर वरचष्मा राहिला व्यापाऱ्यांचाच.

या सगळ्या बाजारात आपला माणूस कुठे होता? जिनिंग-प्रेसिंगमध्ये सरकी-रुईची धूळ छातीत घेत मजुरी करत होता. गावात बलुत्यावर राबत होता. बलुत्याची खरी गोम लक्षात घ्या. बलुतेदाराला आपले गिऱ्हाईक निवडता येत नाही आणि आपल्या कामाचा भाव सांगता येत नाही. खळ्यावर जे पडेल ते पदरात घ्यायचे. म्हणजे अस्पृश्याजवळ कसब होते, मेहनत होती, पण बाजार नव्हता. तंत्रज्ञान आले म्हणजे आपोआप समता येते असे सांगणाऱ्यांनी वऱ्हाडातली ही तार आठवावी. साधन नवे असते, मालकी मात्र जुनीच राहू शकते.

आता मुंबईला चला, कारण आपल्या पोराचा प्रश्न तिथे खुद्द बाबासाहेबांच्या वाट्याला आला होता.

1917 साली बडोद्याची नोकरी आणि तिथला अपमान मागे टाकून बाबासाहेब मुंबईत परतले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस पोटासाठी काय करतो? शेअर बाजारातल्या व्यवहारांबद्दल सल्ला देणारी एक छोटी कंपनी काढतो. धनंजय कीर यांच्या चरित्रात ही हकीकत आहे. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईक येऊ लागले. मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. कंपनी बंद पडली.

नीट पाहा मित्रांनो, सल्ला कालचाच होता, त्यातून होणारा फायदाही कालचाच होता. बदलले ते एवढेच, की नाव कळले. आणि हा शिवाशिवीचा प्रश्नही नव्हता. शेअरच्या सल्ल्याला कुठला विटाळ लागतो? पण स्वतःच्या नफ्यावर पाणी सोडून लोकांनी जात पाळली. बाजाराला फक्त पैसा कळतो, जात कळत नाही, असे म्हणणाऱ्या अर्थपंडितांना याचे उत्तर देता येत नाही.

दुसरी घटना 1920 ची. 31 जानेवारीला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. नवे पत्र निघते आहे हे लोकांना कळावे म्हणून 'केसरी'कडे जाहिरात दिली, पैसे मोजायची तयारी होती, तरी ती छापायला नकार मिळाला. पुढे खुद्द बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. म्हणजे गिऱ्हाईक येणे तर दूरच, आपण अस्तित्वात आहोत हे सांगायची जागासुद्धा विकत मिळत नव्हती.

यावर आपल्या माणसांनी काय केले? दुसऱ्याच्या पत्रात जागा मागत बसले नाहीत. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्येच 'सोमवंशीय मित्र' काढले होते. नागपुरात किसन फागू बनसोडे पत्रे काढत होते. 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत दिली. 1927 साली 'बहिष्कृत भारत' आले, 1930 साली 'जनता', आणि 1956 साली 'प्रबुद्ध भारत'. यातली बहुतेक पत्रे पैशाच्या अडचणीत सापडली, कारण वर्गणीदार गरीब होते. पण वर्गणीदारांची यादी आपली होती. कुठल्या गावात कोण वाचतो हे आपल्याला ठाऊक होते.

धम्मदीक्षेनंतर हीच रीत बाजारात उतरली. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर, अकोल्यातल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सोहळ्यात पुस्तकांचे, मूर्तींचे, कॅलेंडरांचे, गाण्यांचे स्टॉल लागतात. मोठ्या प्रकाशकाने ज्याच्याकडे पाहिलेही नसते, असे पुस्तक तिथे हातोहात जाते. हे नुसते श्रद्धेचे दृश्य नाही. ही आपण स्वतः उभी केलेली बाजारपेठ आहे. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. स्टॉल वर्षातून दोन-तीन दिवस लागतो, आणि तिथे येणारा बहुतेक आपलाच असतो. वर्षाचे उरलेले दिवस काय?

इथे मोबाईल कामाला येतो. संविधानाच्या कलम 15 ने दुकान, हॉटेल, खाणावळ यांचे दार आपल्यासाठी उघडले. कलम 17 ने अस्पृश्यता गाडली. आर्थिक बहिष्कार टाकणे अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने गुन्हा ठरले. पण या कायद्यांनी आपण दुसऱ्याच्या दुकानात जाऊ शकतो. दुसऱ्याने आपल्या दुकानात यावे, असा कायदा कुठल्याही देशात करता येत नाही. 2005 च्या आर्थिक गणनेवरून अभ्यासकांनी दाखवून दिले, की लोकसंख्येत 16.4 टक्के असलेल्या अनुसूचित जातींकडे देशातले फक्त 9.8 टक्के उद्योग होते. ही तूट भाषणाने भरत नाही. ती एकेका गिऱ्हाइकाने भरते.

आता पोराच्या प्रश्नाकडे येतो. नाव लपवावे का?

लपवावेसे वाटणे हा भित्रेपणा नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत केलेला प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या अर्जाच्या दोन-तृतीयांशच निघाली. अमेरिकेत एअरबीएनबीवर घर भाड्याने मागणाऱ्यांबाबत 2017 मध्ये असाच अभ्यास आला. काळ्या लोकांच्या वळणाचे नाव दिसले की होकार सुमारे 16 टक्क्यांनी कमी. पडदा मोबाईलचा असला तरी त्याच्या मागे बसलेला माणूस जुनाच असतो.

लपण्याचा फायदाही इतिहासाने पाहिला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला गोरा दुकानदार शेवटी माल द्यायचा, उधारीत नाडायचा. तेव्हा सीअर्स कंपनीच्या टपालाने येणाऱ्या कॅटलॉगमुळे त्याला तोंड न दाखवता गोऱ्याच्याच भावात तीच वस्तू मिळू लागली. पण त्याच देशात व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या काळ्या टपाल कर्मचाऱ्याने 1936 साली 'ग्रीन बुक' काढले. काळ्या प्रवाशाला कुठे जेवण मिळेल, कुठे मुक्काम करता येईल, याची ती यादी होती. त्या यादीत कितीतरी काळ्या व्यावसायिकांची नावे उघड छापली जायची, आणि ते नाव पाहूनच गिऱ्हाईक यायचे. लपण्याने खरेदी करणाऱ्याची सोय झाली. विकणाऱ्याचा धंदा उभा राहिला तो नावाने.

म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे : आडनाव टाक. त्याची तीन कारणे.

एक, ते लपणारच नाही. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करते तेव्हा बँकेतले नाव त्याच्या पडद्यावर येते. पाकीटबंद खाद्यपदार्थावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि पत्त्यात भीमनगर असले की सांगायचे काही उरत नाही. 1918 च्या सुमारास गिऱ्हाईक तुटले ते नंतर कळले तेव्हा. जे नाव पाहून तुटणार आहे, ते पहिल्याच दिवशी तुटलेले बरे. त्याच्या भरवशावर कर्ज काढून पिठाची चक्की आणि पॅकिंगचे मशीन घेऊन बसू नये.

दोन, जात नोंदवल्याने काही हक्क मिळतात. केंद्र सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात केंद्रीय खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी एकूण खरेदीच्या 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करावी असे लक्ष्य आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती मोफत आहे, आणि सरकारी खरेदीचे जेम पोर्टलही ऑनलाइनच आहे. आपल्यातल्या किती जणांनी ही नोंदणी केली?

तीन, नाव आपण आपल्या मर्जीने लिहिणे आणि दुसऱ्याने लिहायला लावणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकांची नावे लावायला सांगितले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला त्याला स्थगिती दिली. ती सक्ती बहिष्कारासाठी होती. आपण लावतो ती पाटी मालाची जबाबदारी घेणारी असते. पण ज्या बाईला आज पहिल्या वीस पाकिटांच्या खपाची चिंता आहे, तिने आडनाव टाकले नाही तर तिला कमी लेखू नका. निर्णय तिचा असू द्या.

नावाइतकीच मोठी गोष्ट म्हणजे यादी. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि लाखभर चाहते जमवलेली खेड्यापाड्यातली पोरे एका रात्रीत शून्यावर आली. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सहा तासांच्या आसपास बंद होते. ती जागा भाड्याची आहे हे विसरू नका. पान जरूर उघडा, पण प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, नंबर, त्याने काय घेतले, हे स्वतःच्या वहीत उतरवा. 'मूकनायक'च्या काळात वर्गणीदारांची यादी होती, तशी. नकाशावर दुकान नोंदवा, त्याला पैसे लागत नाहीत. माल आवडलेल्या माणसाला दोन ओळी तिथे लिहायला सांगा, कारण अनोळखी गिऱ्हाईक आधी त्याच ओळी वाचते. फोटो दिवसाउजेडी, स्वच्छ काढा. वजन आणि भाव लपवू नका. रुमालाखालचा भाव आपण भोगला आहे, तो आपण कुणावर लादायचा नाही. पहिले शंभर गिऱ्हाईक आपल्या लोकांतून मिळवा, पण तिथेच थांबू नका. फक्त समाजापुरता धंदा ही नवी वेसच आहे.

काही साथी म्हणतील, बाबासाहेबांनी 1938 साली मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, आणि तुम्ही पोरांना बड्या कंपन्यांच्या पानांवर बसवता? शंका रास्त आहे. पण आईच्या मसाल्याला रास्त भाव मिळवणे म्हणजे भांडवलशाही नव्हे. ते बलुत्यातून बाहेर पडणे आहे. साधन वापरायचे, त्याचे गुलाम व्हायचे नाही, एवढे भान ठेवले की पुरे.

30 डिसेंबर 2016 रोजी पैसे पाठवायच्या सरकारी अॅपला 'भीम' नाव दिले गेले. ते आज कितीतरी लोकांच्या खिशात आहे. नाव घ्यायला कुणाची ना नाही, मग भीमाच्या लेकरांकडून मसाला घ्यायला का असावी? ती ना एका दिवसात जाणार नाही. पण आपले नाव दिसेल तेव्हाच ती कुठे आहे हे कळेल, आणि कुठे नाही हेही कळेल.

त्या पोराने शेवटी काय केले, ते सांगून थांबतो. पाकिटावर आईचे पूर्ण नाव आहे, आडनावासकट. खाली पत्ता आहे, नगराच्या नावासकट.

जयभीम!