मोफत विधी सहाय्य (जव्हार-मोखाडा)

मोफत विधी सहाय्य : वकिलाची फी न परवडणाऱ्या माणसाला शासनाच्या खर्चाने वकील, सल्ला आणि कोर्टखर्च मिळवून देणारी व्यवस्था. राज्यघटनेच्या ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) आलेला अनुच्छेद ३९-क हा तिचा पाया, तर ‘विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७’ हा तिचा सांगाडा. हा कायदा संमत झाला तरी अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. मुंबई इलाख्यात मात्र हा विचार जुना होता. न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्येच मुंबई सरकारने गरिबांच्या कायदेशीर मदतीसाठी समिती नेमली होती. पुढे त्यांचे पुत्र न्या. पी. एन. भगवती यांनी हेच काम देशपातळीवर नेले.

मोफत वकील म्हटले की बहुतेकांना आधी उत्पन्नाचा दाखला आठवतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत हा समज लोकांचे फार नुकसान करतो. कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींची माणसे, स्त्रिया, मुले, अपंग, अटकेत असलेले, मानवी व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी अशा गटांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नमर्यादा या गटांबाहेरच्यांसाठी आहे. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी अशा जमातींची या दोन तालुक्यांतली वस्ती दहात नऊहून अधिक आहे. उरलेल्यांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे जव्हार तालुक्यातल्या साखरशेतसारख्या गावात दारोदार विचारत गेले, तर मोफत वकिलाचा हक्क नसलेले घर शोधावे लागेल.

अडचण निघते ती जमातीच्या दाखल्याची. १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांकडे तो बहुधा नसतो. अशा वेळी दुसरे दार वापरावे. अर्जदार स्त्री असेल किंवा माणूस कोठडीत असेल, तर तेवढेच कारण पुरते. उत्पन्नासाठीही प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरण्याची तरतूद कायद्यातच आहे.

अर्जासाठी पालघर किंवा ठाणे गाठावे लागत नाही. तालुका विधी सेवा समितीचे काम तालुक्याच्या न्यायालयातून चालते आणि तेथील ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. त्यामुळे साखरशेतच्या माणसाने जव्हारच्या न्यायालयात जावे. साध्या कागदावरचा अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलेही नोंदवून घ्यावे लागते. निर्णय सात दिवसांच्या आत द्यावा, असा नियम आहे. १५१०० ही दूरध्वनी मदतवाहिनी देशभर चालते. अर्ज मंजूर झाला की वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, समन्सचा खर्च, टंकलेखन, भाषांतर आणि निकालाच्या नकलाही विनामूल्य मिळतात.

फौजदारी प्रकरणात मात्र सात दिवस फार झाले. अटकेनंतर २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात, आणि पोलीस कोठडी की जामीन हे तिथेच ठरू लागते. आरोपीच्या या हक्काचे अनेक नियम देशाला महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यांनी दिले. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते याचिका म्हणून घेतले आणि १९८३ मध्ये आदेश दिला, की कोणालाही अटक करताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावे. त्याआधी होस्कोट खटल्यात (१९७८) न्या. कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिले होते, की शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही. त्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल तुरुंगापर्यंत पोहोचूनही कैद्याच्या हाती पडला नव्हता. सुकदास खटल्याने (१९८६) आणखी एक पळवाट बुजवली : आरोपीने वकील मागितला नाही, ही सबब चालत नाही. दंडाधिकाऱ्याने स्वतःहून हा हक्क सांगायचा असतो. मुंबई हल्ल्याच्या खटल्यातील कसाबच्या अपिलात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले, की आरोपी पहिल्यांदा न्यायालयापुढे येतो त्याच क्षणी हा हक्क सुरू होतो.

फौजदारी बचावासाठी आता पूर्णवेळ वकिलांची ‘लोकअभिरक्षक’ कार्यालये आहेत. ती २०२२ च्या राष्ट्रीय योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत उघडली. जामीन मिळूनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेला कच्चा कैदी हे डोंगराळ भागातले नेहमीचे दुःख. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असे धरून जातमुचलक्यावर सोडावे, असे कायदा सांगतो. वकिलाने ते न्यायालयापुढे मांडायला हवे, इतकेच.

काही लढाया वकिलाविना लढायच्या आहेत, आणि जव्हार-मोखाड्यात त्याच जास्त मोलाच्या. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ चा कायदा केला. त्याच्या चौकशीत दोन्ही पक्षांना वकील उभा करण्यास मनाई करण्यात आली. सावकाराकडे नामवंत वकील आणि समोर एकटा आदिवासी, अशी झुंज होऊ नये हा हेतू. लिंगप्पा पोचन्ना खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि ही मनाई, दोन्ही उचलून धरले. दुबळ्याला वकील देणे हा न्यायाचा एक मार्ग, बलवानाचा वकील दाराबाहेर ठेवणे हा दुसरा. या डोंगरांत दुसऱ्याचाही उपयोग झाला आहे.

वनहक्काचा दावाही वकिलाशिवाय ग्रामसभेतून सुरू होतो. एके काळी वनखात्याच्या दंडाची पावती नसेल तर कसणाऱ्याचा दावा उडवला जाई. कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ मध्ये न्यायालयाने कागदापलीकडचा पुरावाही तपासायला सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, जुने बांध, विहिरी पुरावा ठरल्या. दावा फेटाळला गेल्यास अपिलाला ६० दिवस आहेत. कागद हातात पडल्याची तारीख लिहून ठेवणे आणि त्या मुदतीत विधी सेवा समितीकडे जाणे, हे इथे फार महत्त्वाचे.

वेठबिगारीची गोष्ट या भागात रक्तात भिनलेली आहे. १९४५ च्या वारली उठावात वेठ आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी राबण्याची) प्रथा मोडण्यासाठी लोक उभे राहिले. त्यांच्या पुढारी गोदावरी परुळेकर स्वतः कायदा शिकलेल्या होत्या. पुढे श्रमजीवी संघटनेने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या सुटकेचे काम उभे केले. १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्यात सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे : हे कर्ज वेठीचे नाही, हे त्याने दाखवायचे. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे द्यायची. उचल घेऊन वीटभट्टीवर अडकलेल्या मजुरासाठी ही तरतूद आणि कलम १२ मधला मोफत वकील, दोन्ही एकत्र वापरायचे.

व्यवस्थेचे खरे अपयश अंतर आणि हंगाम यांत आहे. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडे कामाला उतरतात. मागे तारखा पडत राहतात, गैरहजेरीबद्दल वॉरंट निघते आणि किरकोळ गुन्ह्याचा माणूस फरारी ठरतो. कामाला निघण्यापूर्वी वकिलाला नवा पत्ता आणि फोन दिला, तर तो गैरहजेरी माफ करण्याचा अर्ज करू शकतो. भाषेचा अडसरही आहे. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला उघड न्यायालयात समजावून सांगितली पाहिजे, असे फौजदारी प्रक्रिया म्हणते; वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या म्हाताऱ्यासाठी हे मागून घ्यावे लागते. गावातले प्रशिक्षित विधी स्वयंसेवक इथे कामी येतात. ते अर्ज लिहून देतात, पोलीस ठाण्यात सोबत जातात, तारीख कळवतात.

समितीने दिलेल्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. मागितल्यास किंवा तो तारखेला येत नसल्यास समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करून वकील बदलून मागता येतो. अर्जच नाकारला गेला, तर त्याविरुद्धही दाद मागता येते. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि वैवाहिक बाबींतून उद्भवलेल्या मालमत्तेच्या वादात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. ही सवलत वकील सरकारी खर्चाचा असो वा स्वतःचा, दोन्हीकडे लागू होते.