चेतकचा नंबर ते पीएस५चा बॉट: ब्लॅकवाला नक्की काय विकतो?

नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो किंवा एकच वाक्य दोनदा म्हणालो, तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. म्हणतो, नवीन कन्सोल किंवा फोन लाँच होतो तेव्हा मी जागा राहून दोन बुक करतो. एक मला, दुसरा आठ-दहा हजार वर घेऊन विकतो. घेणारा खुशीने घेतो. शेअर घेतो-विकतो तसंच ना हे? मग मित्र मला ब्लॅकवाला का म्हणतात?

याला दोन तयार उत्तरं आहेत. एक म्हणजे, "अरे डिमांड-सप्लाय आहे, त्यात वाईट काय?" दुसरं, "हा लोकांना लुटतोय." मला दोन्ही अर्धवट वाटतात. आणि का ते सांगायचं तर मला आधी प्लेस्टेशन बाजूला ठेवून आकुर्डीला जावं लागेल. स्कूटरसाठी.

बजाजला दुचाकी आणि तीनचाकी बनवायचं सरकारी लायसन्स मिळालं १९५९ मध्ये. मग इटलीच्या पियाजिओ कंपनीबरोबर करार झाला आणि बजाजची व्हेस्पा रस्त्यावर आली. तो करार १९७१ मध्ये संपला, आणि १९७२ मध्ये स्वतःच्या नावाची स्कूटर आली: चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. आज आपण रेट्रो म्हणून जिचे फोटो टाकतो ती स्कूटर तेव्हा आजच्या कुठल्याही लाँचपेक्षा मोठी गोष्ट होती. मध्यमवर्गीय घरातली पहिली गाडी. नवरा, बायको, पुढे उभा मुलगा, आईच्या मांडीवर मुलगी.

आता गंमत बघा. गाडी चांगली, गिऱ्हाईक दारात उभं, कारखाना तयार. तरी गाडी मिळत नाही. कारण लायसन्सवर वर्षाला किती गाड्या बनवायच्या तो आकडा लिहिलेला असायचा. त्याच्या वर जायचं तर दिल्लीची परवानगी. १९६९ मध्ये एमआरटीपी कायदा आला, तेव्हा मोठ्या उद्योगघराण्यांना कारखाना वाढवणं आणखी अवघड झालं. शिवाय गाड्या कुणाला, कशा वाटायच्या यावरही सरकारचं नियंत्रण होतं. त्यासाठी १९६० चा वेगळा नियंत्रण आदेशच होता.

मग काय व्हायचं? डीलरकडे नाव नोंदवायचं, डिपॉझिट भरायचं, पावती घ्यायची आणि वाट बघायची. आठ वर्षं, दहा वर्षं. मुलगी जन्मली की स्कूटर बुक करा म्हणजे लग्नापर्यंत नंबर लागेल, असा विनोद जुने लोक अजून सांगतात. सरकारी नोकरांसाठी वेगळा कोटा होता. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर रांगेत न थांबता गाडी मिळायची. म्हणजे रांग एकच दिसत होती, पण तिला बाजूने दोन-तीन दारं होती.

आणि अर्थातच ब्लॅक. नवीन चेतक शोरूममधून निघाली की दारातच तिची किंमत वाढायची. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सांगणाऱ्याची काहीतरी गफलत होतेय असं वाटलं. पण विचार केला तर सरळ आहे. नव्या गाडीची किंमत कागदावर होती, पण ती गाडी मिळत नव्हती. जुनी आत्ता, समोर, चावीसकट उभी होती. वरचे पैसे गाडीचे नव्हतेच. ते वाचलेल्या वर्षांचे होते.

मला इथे जरा थांबायचंय, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख इथेच आहे.

अर्थशास्त्र शिकलेले मित्र म्हणतात की वाढलेली किंमत हा बाजाराने दिलेला निरोप असतो. टंचाई आहे, जास्त माल बनवा, असा. तत्त्व बरोबर आहे. पण तो निरोप पोचून कुणीतरी काहीतरी करायला हवं ना? चेतकवरचा प्रीमियम कारखान्याला मिळत नव्हता. कारखान्याला ठरलेलीच किंमत मिळायची. आणि निरोप कानावर आला तरी लायसन्समुळे जास्त गाड्या बनवता येत नव्हत्या. म्हणजे ब्लॅकमध्ये कितीही पैसे फिरले तरी त्यातून एकसुद्धा जास्तीची स्कूटर बनली नाही. फक्त ती कुणाच्या अंगणात लागणार, तेवढं बदललं.

मग ब्लॅकने विकणारा विकत काय होता? माझ्या मते तो रांगेतली जागा विकत होता. आणि इथे दोन माणसं वेगळी करायला पाहिजेत.

पहिला माणूस असा. स्वतःच्या नावावर एक नंबर लावला, आठ वर्षं थांबला. नंबर लागला तेव्हा घरात आजारपण निघालं, किंवा बहिणीचं लग्न ठरलं, पैशांची गरज पडली. त्याने गाडी घेतली आणि चार पैसे वर घेऊन विकली. कायद्याने तेव्हा हे चालत नसेलही, पण मला या माणसाला नावं ठेवता येत नाहीत. त्याने स्वतः घालवलेली आठ वर्षं विकली. घेणाऱ्याला, समजा रोज वीस किलोमीटर सायकल मारणाऱ्या एखाद्या शिक्षकाला, गाडी आज मिळाली.

दुसरा माणूस स्वतःच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या आणि काकूच्या नावाने नंबर लावतो. यातल्या कुणालाच स्कूटर चालवायची नाही. हाही वाटच बघतोय, पण मुदत ठेवीवर व्याज मिळायची बघतात तशी. त्याच्या चार नावांमुळे मागचे सगळे चार-चार घरं मागे सरकले. त्या मागच्या लोकांना हे कधी कळलंही नाही. त्यांना फक्त एवढंच दिसलं की अजून नंबर लागत नाही.

पावती दोघांकडे सारखीच. गाडी तीच, प्रीमियम तोच. पण मला हे एकच काम वाटत नाही.

हा ब्लॅक संपला कसा, ते पटकन सांगतो. ऐंशीच्या दशकात लायसन्सची पकड सैल होत गेली. एलएमएलची व्हेस्पा आली, कायनेटिक होंडा आली, १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचं लायसन्सच गेलं. १९८९ मध्ये 'हमारा बजाज'ची जाहिरात टीव्हीवर आली तेव्हा त्यात एक गोष्ट न बोलता सांगितलेली होती: जिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे, त्या कंपनीला आता गिऱ्हाइकाला हाक मारायला लागत होती. स्कूटरचा ब्लॅकवाला पोलिसांनी नाही संपवला. गाड्या मिळायला लागल्या, तो आपोआप गेला.

आता येऊ प्लेस्टेशनवर. पीएस५ जगात आला नोव्हेंबर २०२० मध्ये. भारतात विक्री सुरू झाली २ फेब्रुवारी २०२१ ला. डिस्कवाला ४९,९९० रुपये, डिजिटल ३९,९९०. प्री-ऑर्डर १२ जानेवारीला उघडल्या आणि काही मिनिटांत संपल्या. तुमच्यातले बरेच जण त्या दुपारी पेज रिफ्रेश करत बसले असतील. त्यानंतर बराच काळ तेच: स्टॉक येतो, मिनिटांत जातो, आणि तासाभरात तीच पेटी सेकंडहँडच्या ॲपवर 'सीलपॅक' म्हणून चढ्या भावाने दिसते.

इथे दिल्लीचं लायसन्स नव्हतं. पण अडथळा तसाच पक्का होता. पीएस५ची मुख्य चिप एएमडीने डिझाइन केलेली, तैवानच्या टीएसएमसीत बनणारी. कोविडमध्ये जगाला एकदम लॅपटॉप, फोन, गाड्या, सर्व्हर सगळ्यांसाठी चिप हव्या होत्या, आणि चिपचा नवा कारखाना उभा करायला वर्षं जातात. इकडे कुणी कन्सोलवर पंधरा हजार वर मोजले म्हणून तिकडे एक चिप जास्त निघाली नाही. ते पंधरा हजार सोनीलाही मिळाले नाहीत. निरोप पुन्हा कुणापर्यंतच पोचला नाही.

फरक एकच, पण मोठा. चेतकच्या रांगेत दुसऱ्या माणसाला चार नावं लावायला निदान चार फॉर्म आणि चार डिपॉझिटं लागायची. आज स्क्रिप्ट लागते.

मी रोजगारासाठी वेबसाइटचा बॅकएंड लिहितो, त्यामुळे हे जवळून माहीत आहे. बॉट काही जादू करत नाही. तो स्टॉकचं पेज सारखं तपासत राहतो. 'उपलब्ध' दिसलं की कार्टमध्ये टाकणं, पत्ता भरणं, पैसे भरायच्या पानावर जाणं ही सगळी कामं आपलं बोट स्क्रीनला लागायच्या आत उरकतो. एका माणसाला एकच, असा नियम असेल तर वेगवेगळे नंबर, वेगवेगळी खाती आणि एकच पत्ता दहा तऱ्हांनी लिहिलेला. कुठे 'फ्लॅट ३', कुठे 'तिसरा फ्लॅट', कुठे नुसतं 'देवळासमोर'. आपल्याकडचे पत्ते मुळातच असे की खरा कुठला आणि बनवलेला कुठला हे मशीनला कळणं महाकठीण. अमेरिकेत वॉलमार्टने सांगितलं होतं की नोव्हेंबर २०२० मधल्या पीएस५च्या एका सेलमध्ये पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी बॉटचे २ कोटींहून जास्त प्रयत्न अडवले. २ कोटी! तिथे आपण अंगठ्याने रिफ्रेश करत होतो.

म्हणजे चेतकवाल्या पहिल्या माणसाने स्वतःची आठ वर्षं विकली. बॉटवाल्याने स्वतःचं काहीच घालवलेलं नाही. तो रिफ्रेश करणाऱ्यांच्या वाट्याची जागा उचलतो आणि त्यांनाच परत विकतो. रत्नागिरीचा दुकानदार मुंबईहून माल आणतो, गाडीभाडं भरतो, न खपला तर तोटा सोसतो, म्हणून दोन पैसे वर घेतो. ते मला पटतं. पण जी वस्तू कंपनी कुरिअरने थेट घरी देणार होती, तिच्या मध्ये उभं राहून घेतलेले पैसे कुठल्या कामाचे?

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, एमआरपीची. पेटीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेऊन पॅकबंद माल विकणं आपल्या वजनमापाच्या नियमांत बसत नाही. म्हणून काही दुकानदारांनी वेगळी शक्कल काढली: कन्सोल छापील किमतीलाच देऊ, पण सोबत हे तीन गेम आणि एक जास्तीचा कंट्रोलर घ्यावाच लागेल. बिल अगदी स्वच्छ!

कंपन्याही अगदी सोवळ्या नाहीत हं. २०१४ मध्ये शाओमीचा मी ३ आपल्याकडे १३,९९९ रुपयांना फ्लॅश सेलमध्ये विकला जायचा, आणि तो काही सेकंदांत संपला ही बातमीच जाहिरातीचं काम करायची. अनेक ब्रँडनी नंतर तीच पद्धत उचलली. टंचाई मिरवायची आणि मग ब्लॅकवाल्यावर डोळे वटारायचे, हे जरा जास्तच होतं.

ज्यांना खरंच अडवायचं होतं त्यांनी अडवलं. व्हॉल्व्हने २०२१ मध्ये स्टीम डेकच्या बुकिंगसाठी ५ डॉलर घेतले, आणि पहिल्या दोन दिवसांत जून २०२१ च्या आधी काहीतरी विकत घेतलेल्या खात्यांनाच रांगेत येऊ दिलं. आदल्या रात्री उघडलेली हजार खाती तिथेच बाद. निन्टेंडोने २०२५ मध्ये जपानमध्ये स्विच २ साठी लॉटरी ठेवली. अट अशी की जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळलेलं असावं आणि ऑनलाइन सदस्यत्व मिळून एक वर्षाचं झालेलं असावं. तरी अर्ज आले सुमारे २२ लाख. त्याच्या आधी, पीएस५च्या काळात, जपानमधल्या काही दुकानांत तर पेटीवर गिऱ्हाइकाचं नावच लिहून द्यायचे. स्वतः खेळणाऱ्याला काय फरक पडतो? विकणाऱ्याचं 'सीलपॅक' मात्र गेलं.

एक गोष्ट मात्र याच मापाने मोजू नका. भारतात पीएस५ मिळत नव्हता त्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, आपल्या शहरांत लोक रेमडेसिव्हिरच्या कुप्यांसाठी रात्री-अपरात्री मेडिकलच्या दारात उभे होते, आणि त्या कुप्या ब्लॅकने विकल्या जात होत्या. तिथे मागे सरकलेल्या माणसाचं काय व्हायचं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. कन्सोल उशिरा मिळाला तर एक सुट्टी वाया जाते. म्हणून सेकंडहँड ॲपवरच्या मुलाला मी त्या रांगेत उभं करणार नाही.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, तुझ्यासाठी. दुसरा नग भावासाठी घेतला होतास, भावाने नको म्हटलं आणि मग तो थोडा वर विकलास, तर तुझे मित्र उगाच चिडवतायत. पण दुसरा नग मुळातच विकायला म्हणून घेतलास, तर शेअरचं उदाहरण बसत नाही. तुझ्या मागे कोणीतरी खेळायला घेणारा होता, आणि ते आठ-दहा हजार त्याच्या जागेचे आहेत. मित्रांचा शब्द कडक आहे, पण चुकीचा नाही. यापुढे दुसरा नग घ्यायचा तर कुणासाठी ते आधी ठरव.

आणि बाकीच्यांसाठी एक काम. घरात, आजोबांच्या ट्रंकेत किंवा कपाटातल्या फाइलमध्ये स्कूटरच्या बुकिंगची पावती सापडली तर फोटो पाठवा. नाव-पत्ता झाका. मला नोंदणीची तारीख आणि गाडी हातात आल्याची तारीख, या दोनच गोष्टी हव्या आहेत. पुरेसे फोटो जमले तर त्यावरच एक भाग करू.