संगणकीकृत सातबारा आणि चावडीवाचन : एक ऐतिहासिक टिपण

काष्टीसारख्या (ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर) गावात कर्ज, वाटणी व खरेदीखत या सर्व व्यवहारांचा आधार सातबारा हाच असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार ठेवला जाणारा हा अभिलेख संगणकावर आणताना हस्तलिखितातील जुन्या चुकांत टंकलेखनाच्या नव्या चुकांची भर पडली.

संगणकीय तपासणी मुख्यतः सुसंगतीची असते. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळते काय, हे यंत्र क्षणात सांगते; हेक्टर-आरमधील दशांशचिन्ह सरकल्यास चूक उघड होते. परंतु वारस बहिणीचे नाव गळून तिचा हिस्सा भावांच्या नावे पडला, तर बेरीज जुळतेच आणि यंत्राच्या दृष्टीने नोंद निर्दोष ठरते.

या मर्यादेमुळेच 2017 मध्ये राज्यात झालेल्या चावडीवाचनाचे महत्त्व ध्यानात येते. संगणकीकृत उतारे गावकऱ्यांसमोर वाचून आक्षेप मागविण्यात आले. लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी संहितेचे कलम 155 होतेच. मात्र चूक प्रथम कोणाच्या तरी लक्षात येणे आवश्यक होते. सारांश, जुळलेली बेरीज म्हणजे सत्य नव्हे. जिचा हक्क नोंदवायचा, तिला ती नोंद ऐकता येणे हीही माहितीच्या शुद्धतेची अनिवार्य पायरी होय.