भूल न चढणारा रुग्ण

बंगळूरच्या मिंटो नेत्ररुग्णालयाची स्थापना १८९६ची. स्थापनेच्या बाराच वर्षं आधी, १८८४ साली, व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने स्वतःच्या डोळ्यात कोकेनचे थेंब घालून बुबुळाला टाचणीचं डोकं लावून पाहिलं होतं. नेत्रवैद्यांनी डोळा थेंबांनी बधिर करण्याचा हा शोध इतक्या घाईने का उचलला, याचं कारण ओकारी. क्लोरोफॉर्म उतरताना रुग्णाला उमासे येत, आणि मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला टाके घालण्याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. एका उमाशासरशी जखम उघडायची. थेंबांनी हा धोका टळला. पण आणखीही एक गोष्ट घडली, जिच्याकडे वैद्यकाच्या इतिहासात फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. टेबलावरचा माणूस जागा राहिला, आणि जागा असल्यामुळे ‘दुखतंय’ म्हणू लागला. स्थानिक भुलेने शल्यविशारदासमोर बोलता साक्षीदार आणून बसवला. त्या साक्षीचं काय करायचं, हे मात्र पुढे कित्येक दशकं ठरलं नाही.

बहुतेक वेळा साक्ष फेटाळली गेली. रुग्ण घाबरलाय, दाबल्याचं त्याला दुखल्यासारखं वाटतंय, अशी उत्तरं तयार असत, आणि ती सरसकट खोटीही नव्हती. स्पर्श आणि दाब कळत राहतो, वेदना तेवढी जाते, असं पुष्कळदा होतं. सुई नेमक्या जागी न लागणं हे तर अपयशाचं सगळ्यात साधं कारण. गळू झालेल्या जागी लिग्नोकेन हे स्थानिक भुलेचं औषध कमी चालतं, कारण तिथल्या आम्लतेमुळे औषध मज्जातंतूच्या आत पुरेसं शिरत नाही. किडलेल्या दाढेच्या सुजलेल्या मुळाशी दंतवैद्याला हा अनुभव नेहमीचा. मग ज्याच्यावर औषधच चालत नाही, असा माणूस खरोखर असतो का?

या प्रश्नाला आपल्याकडून आलेलं उत्तर विंचवाचं आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे कोकणातला लाल विंचू वैद्यकीय जगाला माहीत झाला, पण तो विषय जीव वाचवण्याचा होता. भुलेचा मुद्दा २०१२ साली मिन्नू पंडितराव आणि सहकाऱ्यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशिया’त मांडला: पूर्वी विंचू चावलेल्या रुग्णावर स्थानिक भुलेची औषधं निष्प्रभ ठरू शकतात का? पुढच्या वर्षी त्यांनी अशा अनेक रुग्णांची निरीक्षणंही दिली. कल्पना हवेतली नाही. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म दारं असतात. लिग्नोकेन ती आतून अडवतं, तर विंचवाच्या विषातले काही घटक बाहेरून चिकटून ती उघडी ठेवतात. तरीही आक्षेप वजनदार आहे. विष उतरल्यावर वर्षानुवर्षं काय उरतं, हे सिद्ध झालेलं नाही. आणि ज्या गावात विंचू सर्रास चावतो, तिथे भूल न चढलेल्या कुणालाही विचारलं तरी विंचवाची आठवण निघणारच. मला हा आक्षेप पटतो. पण त्यातून कारण संशयास्पद ठरतं, तक्रार नव्हे. अमेरिकेतल्या एका कुटुंबात अशीच तक्रार असलेल्यांच्या सोडियम-दारांच्या जनुकात बदल आढळला, तो २०१६ साली नोंदला गेला. तिथे तर विंचवाचा संबंधच नव्हता.

हा वाद पुस्तकी वाटेल, पण त्याची किंमत शस्त्रक्रियेनंतर मोजावी लागते. भूल कमी पडली म्हणून औषध वाढवत नेता येत नाही. साधं लिग्नोकेन वजनाच्या दर किलोला साधारण तीन मिलिग्रॅमपुढे गेलं, की झटके आणि हृदयाचा धोका. ज्यांच्यावर स्थानिक भूल चालते, त्यांना बुपिव्हाकेनसारख्या जास्त वेळ टिकणाऱ्या औषधाने पहिले काही तास तरी सुखाचे जातात. बाकीच्यांची वेदना टेबलावरच सुरू होते, आणि त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी औषधं आणि गरज पडली तर मॉर्फिन आधीपासून ठरलेलं असावं लागतं. त्यातलं मॉर्फिन १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात अडकलं. २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. मधल्या जवळजवळ तीस वर्षांत सुईतली भूल ज्याला चढली नाही, त्याच्यासाठी पुष्कळ रुग्णालयांच्या कपाटात मॉर्फिन नव्हतं.