कप्तान रॉबर्ट टाउन्स : जहाज, विधिमंडळ आणि भाषा

वसाहतकालीन ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात नाविकाचा राजकारणी झाल्याची जी उदाहरणे आढळतात, त्यांत रॉबर्ट टाउन्स (१७९४–१८७३) याचे चरित्र विशेष विचारार्ह आहे. सामान्यतः अशा चरित्राकडे स्वकर्तृत्वाने झालेला उत्कर्ष म्हणून पाहिले जाते. परंतु टाउन्स विधिमंडळात गेला तेव्हा त्याच्यातील कप्तान मागे राहिला, असे म्हणता येत नाही.

नॉर्थंबरलंडमध्ये जन्मलेला टाउन्स लहानपणीच कोळसावाहू जहाजावर उमेदवारीस लागला. पुढे स्वतः कप्तान होऊन त्याने इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मार्गावर अनेक सफरी केल्या. १८३३ मध्ये वसाहतीतील प्रमुख राजकीय पुढारी विल्यम चार्ल्स वेंटवर्थ याच्या सावत्र बहिणीशी त्याचा विवाह झाला. १८४०नंतरच्या दशकात तो सिडनीत स्थायिक झाला व न्यू हेब्रिडीज आदी बेटांवरील चंदन चीनकडे पाठवू लागला. १८५६ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधानपरिषदेवर त्याची नियुक्ती झाली.

अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१–६५) कापसाचा जो तुटवडा निर्माण केला, त्याने मुंबईच्या व्यापाऱ्यांना अकल्पित धन मिळवून दिले. त्याच तुटवड्याने टाउन्सला क्वीन्सलंडमध्ये कापसाचा मळा घालण्यास प्रवृत्त केले. १८६३ मध्ये ‘डॉन ह्वान’ या जहाजातून ६७ बेटवासी मजूर ब्रिस्बेनला उतरविण्यात आले. दरमहा दहा शिलिंग वेतन, अन्न आणि मुदतीअंती स्वगृही परत पाठविण्याचे आश्वासन, अशा अटी होत्या. टीका होताच टाउन्सने आपल्या योजनेचे जाहीर समर्थन केले. मात्र ज्यांच्या संमतीवर ते समर्थन आधारलेले होते, त्यांची भाषा व कराराची भाषा एक नव्हती. चंदनाच्या व्यवहारात चार-दोन संकेतशब्दांनी भागत असे. वर्षभराच्या श्रमाचा करार तेवढ्यावर कसा समजावा?

या व्यवहाराच्या खुणा शब्दांत टिकून आहेत. हवाईच्या भाषेत ‘कनाका’ म्हणजे केवळ ‘माणूस’. क्वीन्सलंडच्या मळ्यांत तो तुच्छतादर्शक शब्द ठरला. १८६८ मध्ये क्वीन्सलंडने केलेल्या नियामक कायद्याच्या नावात ‘पॉलिनेशियन’ मजूर असा उल्लेख आहे. वस्तुतः आणले गेलेले बहुसंख्य लोक मेलनेशियन होते. कायद्याने त्यांची गणती केली, परंतु ते कोण हे नीट विचारले नाही. १९०४ पर्यंत सुमारे ६२,००० करारांन्वये असे मजूर आणले गेले. पुढे तेथे उरलेल्यांपैकी बहुतेकांना १९०१च्या कायद्यान्वये परत धाडण्यात आले.

उलट बाजूही नोंदविणे अवश्य आहे. चंदन व समुद्रकाकडीच्या व्यापारात उपजलेली मिश्रभाषा मळ्यांत निरनिराळ्या बेटांच्या मजुरांनी आपापसांतील व्यवहारासाठी वाढविली आणि परतताना बरोबर नेली. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या वानुआतूची बिस्लामा ही राष्ट्रभाषा याच परंपरेतील होय. मालकाचा हुकूम समजण्यापुरती असलेली बोली अखेर एका राष्ट्राची वाणी झाली.

टाउन्सचे नाव टाउन्सव्हिल या नगराला मिळाले. ‘डॉन ह्वान’वरील ६७ जणांपैकी कोणाचेही नाव त्या किनाऱ्याला मिळाले नाही. चरित्रकाराने टाउन्सची पदे अवश्य नोंदवावीत. परंतु त्याच्या कारकिर्दीचे मोजमाप करताना या मजुरांनी घडविलेली भाषाही पुराव्यात धरली पाहिजे.