धातू लांबतो कसा? निकेलच्या पात्याची गोष्ट

मंडळी, जेट इंजिनाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा विमानांपाशीच थांबतो. आज जरा आत शिरू, टर्बाइनच्या पात्यापर्यंत. हे पातं लालभडक तापलेलं असतं, आणि चाक गरगर फिरत असल्यामुळे त्याला सतत बाहेरच्या बाजूला ओढ बसत असते. अशा वेळी धातू लगेच तुटत नाही, तो हळूहळू लांबतो. पुस्तकांच्या ओझ्याने फळी वर्षानुवर्षं वाकत जाते ना, तसंच काहीसं. याला क्रीप म्हणतात. इंग्लंडमध्ये अँड्रेड यांनी १९१० साली शिशाच्या तारांना भार लावून हे लांबणं मोजलं होतं. शिसंच का? तर ते ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या खोलीतली हवासुद्धा त्याच्या हिशोबाने गरमच!

फ्रँक व्हिटल यांचं इंजिन १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी इथे पहिल्यांदा फिरलं. त्याची पाती पोलादाची होती. इंजिन चालतं हे सिद्ध झालं, पण किती तास चालेल, हा प्रश्न धातूचा होता. पातं थोडं जरी लांबलं तरी टोक बाहेरच्या कवचाला घासणार.

मग माँड निकेल कंपनीतल्या धातुशास्त्रज्ञांनी हात घातला तो विजेच्या शेगडीतल्या तारेला. ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम, मार्श यांनी १९०६ मध्ये पेटंट घेतलेला मिश्रधातू. तो तापवला तरी जळत नाही, गंजत नाही. फक्त ओढ सोसत नाही. त्यात थोडं टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम घातलं, आणि १९४१ मध्ये निमोनिक ८० तयार झाला.

त्या चिमूटभर भरीने केलं काय? धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. या मिश्रधातूत निकेल, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मिळून अतिसूक्ष्म कण बनतात, त्यांना गॅमा प्राइम म्हणतात. ते त्या सरकण्याला अडवतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसण्याइतके मोठे नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर ते नीट दिसले. आणि खरी गंमत पुढेच आहे. एरवी कुठलाही धातू तापला की मऊ पडतो, गॅमा प्राइम मात्र साधारण ७०० ते ८०० अंशांपर्यंत उलट अधिक कणखर होत जातो. उष्णतेमुळे सरकणारा दोष आपली मूळची पातळी सोडून दुसऱ्या पातळीत शिरतो आणि तिथे अडकून बसतो, असं स्पष्टीकरण केअर आणि विल्सडॉर्फ यांनी १९६२ मध्ये दिलं. म्हणजे धातू आधी वापरात आला, कारण मागाहून कळलं. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. भट्टीतलं बरंचसं ज्ञान याच वाटेने आलंय.

त्याच काळात जर्मनीत काय चाललं होतं? युमो ००४ इंजिन लढाऊ विमानांना लागलं, पण दोन दुरुस्त्यांमधलं त्याचं आयुष्य जेमतेम १० ते २५ तास. यावरून जर्मन अभियंते कमी पडले असं सर्रास म्हटलं जातं. आम्हाला ते पटत नाही. ब्रिटनच्या पाठीशी कॅनडातल्या सडबरीच्या खाणी होत्या, जर्मनीकडे निकेलची टंचाई होती. म्हणून त्यांनी निकेल वगळून क्रोमियम आणि मँगनीजचं पोलाद वापरलं, पाती पोकळ करून त्यांतून गार हवा खेळवली. हवेने पातं गार ठेवण्याची युक्ती आज जगभरच्या इंजिनांत आहे, बरं का!

युद्धानंतर लक्ष गेलं धातूतल्या कणांच्या सीमांकडे. तापलेल्या पात्यात ओढीला आडव्या असलेल्या सीमांवर बारीक पोकळ्या पडतात आणि तिथूनच ते फाटतं. मग सीमाच नको! प्रॅट अँड व्हिटनीमध्ये व्हर्स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात साचा भट्टीतून सावकाश बाहेर काढत कण उभेच वाढवले. पुढे वितळलेल्या धातूला एका पिळदार वाटेने वर चढू दिलं, की एकच कण टिकतो आणि अख्खं पातं एकसंध स्फटिक बनतं. १९८२ मध्ये अशी पाती प्रवासी विमानांत आली.

तरीही लांबणं संपलेलं नाही. वापरलेलं पातं कापून पाहिलं, तर गॅमा प्राइमचे चौकोनी ठोकळे ओढीला आडवे जुळून तराफ्यासारखे पसरलेले दिसतात. पात्याने किती ताप आणि ओढ सोसली, याचा अंदाज अभियंते त्यावरून बांधतात.