खुरांची वाट : उल्हास खोरे, धनगर आणि माधव गाडगीळ

१.
सुरतेच्या वाटेवर येथे घोडे बदलले जात, म्हणून हे बदलापूर, अशी एक लोककथा आहे. नावाची ही व्युत्पत्ती कोणी मानो वा न मानो, तिच्यामागचा भूगोल खरा आहे. देशावरून घाट उतरून कल्याण बंदराकडे जाणारी वाहतूक रेल्वेपूर्व काळात खुरांवर चाले आणि तिचा एक मोठा प्रवाह उल्हास नदीच्या खोऱ्यातून वाहत असे.

२.
१८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि मालवाहू बैलांचे तांडे ओसरत गेले. एक स्थलांतर मात्र थांबले नाही. ती खुरे माल वाहण्यासाठी नव्हे, तर चाऱ्यासाठी चालत होती. हे स्थलांतर धनगरांच्या मेंढ्यांचे.

३.
त्याचे गणित पावसाचे आहे. माण, खटाव, सांगोला हा पर्जन्यछायेतील पट्टा; वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र काही ठिकाणी त्याच्या दहापट. सततच्या ओलीत मेंढीची खुरे कुजतात, रोगराई पसरते. म्हणून पावसाळा कोरड्या माळावर काढायचा, दसरा-दिवाळीनंतर हिरवळीच्या मागे पश्चिमेकडे निघायचे आणि मृगापूर्वी परतायचे.

४.
वाटेवरचा शेतकरी या पाहुण्यांची वाटच पाहत असे. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत रात्रभर ‘मेंढ्या बसवल्या’ की लेंडी-मुताचे खत जागच्या जागी मिळे. बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे आणि कळपाला चारा. एकाचे रिकामे शेत ही दुसऱ्याची कुरणभूमी होती.

५.
आफ्रिकेतील सेरेंगेटीत लाखो विल्डबीस्ट असेच पावसामागे चालतात. १९५८ मध्ये बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी विमानातून त्या कळपांची गणना केली. जानेवारी १९५९ मध्ये त्याच मोहिमेत विमान कोसळून मिखाएल मृत्युमुखी पडला. वन्य कळपांच्या वाटा जपल्या पाहिजेत, ही जाणीव जगभर पसरण्यात या कामाचा मोठा वाटा आहे. पण मेंढपाळाबरोबर चालणाऱ्या कळपाकडे परिसरशास्त्रज्ञाने पाहावे काय?

६.
पाहावे, असे उत्तर पुण्याच्या माधव गाडगीळांनी दिले. जन्म १९४२. हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १९७१ मध्ये मायदेशी परतले आणि १९७३ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमले. देवराया आणि हत्ती यांच्याबरोबरच त्यांनी पशुपालकांचाही अभ्यास केला. माणसाला वगळून सह्याद्रीचे परिसरशास्त्र लिहिता येत नाही, ही त्यांची भूमिका होती.

७.
या कामातील त्यांचे सहकारी म्हणजे मानवशास्त्रज्ञ कैलाशचंद्र मल्होत्रा. इरावती कर्व्यांच्या सहवासात घडलेल्या मल्होत्रांनी धनगरांच्या अनेक पोटजातींचा अभ्यास केला होता. १९८२ मध्ये या दोघांनी गवळी धनगरांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

८.
त्यातील चित्र बोलके आहे. मेंढपाळ कोरड्या माळावर. गवळी धनगर म्हशी घेऊन अतिवृष्टीच्या डोंगरमाथ्यावर. कुणबी खाली दरीत. गवळ्यांनी ताक घरी प्यावे, लोणी देऊन धान्य घ्यावे. पुढे राखीव जंगलांची बंधने आली, लोकसंख्या वाढली, उरलेल्या रानावर चराईचा ताण पडला आणि अनेकांना तो डोंगर सोडावा लागला.

९.
एकाच प्रदेशात जाती वेगवेगळी संसाधने वापरतात, त्यामुळे स्पर्धा टळते, अशी मांडणी या अभ्यासांतून पुढे आली. तिच्यावर टीकाही झाली : संसाधनांची ही वाटणी समजावून सांगताना जातीतील सत्ता आणि अन्याय मागे पडतो. हा आक्षेप बाजूला ठेवून ही मांडणी वाचू नये.

१०.
कळपांबरोबर देवही चालले. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि दैवतकथा अभ्यासल्या. वीर येथील म्हस्कोबा कमळाजी धनगराच्या भक्तीमुळे सोनारीहून आला, असे कथा सांगते. देवाचा प्रवास हा कळपाच्या प्रवासाचा स्मृतिलेखच ठरतो.

११.
आता पुन्हा उल्हास खोऱ्यात येऊ. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना आणि औद्योगिक वसाहत आली. बदलापूरची खाचरे इमारतींखाली गेली. बेघर झालेल्यांना घर मिळाले, हातांना काम मिळाले. हे थोडे नव्हे. पण ज्या शेतात मेंढ्या बसवायच्या ते शेतच उरले नाही, तर हंगामाचा तो जुना करार कोणाशी करायचा?

१२.
अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. मेंढरांच्या वाटेवर एकही शिलालेख नाही. पुरावा नसल्यामुळे तिला ‘भटकंती’ म्हणून निकालात काढले गेले. प्रत्यक्षात ते पावसाचे, गवताचे आणि खताचे काटेकोर वेळापत्रक होते. ते वाचायला गाडगीळ-मल्होत्रांसारख्यांनी शिकवले. यंदा दिवाळीनंतर महामार्गाच्या कडेने काळ्या मेंढ्यांचा कळप आणि घोड्यावर लादलेले बिऱ्हाड दिसले, तर ही वाट महामार्गाच्या कितीतरी आधीची आहे, हे आठवावे.